रिह्याची पित्ताची गोळी

चहा घ्या, पण फरसाण जरा बेतानंच खा. का विचारताय? अहो, माझ्या साखरपुड्यात मी सबंध गावाच्या छातीत आग लावली होती! थट्टा नाही, ऐका तर.

मी मूळचा लातूरचा. दोन हजार चारच्या सुमाराला मुळशीत, रिहे गावात, तात्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना थाटला. तात्या म्हणजे आमचे घरमालक. डॉक्टर मी नवाकोरा, पण सवय एकदम मुरलेली. चिठ्ठीवर काहीही असू दे, शेवटची ओळ पित्ताच्या गोळीची! पाय मुरगळला? मलम आणि पित्ताची गोळी. डोळे आले? थेंब आणि... ओळखलंत! कॉलेजात आमचे सर लिहायचे, म्हणून मी लिहायचो. किती दिवस द्यायची, कशी थांबवायची, हे ना त्यांनी सांगितलं, ना मी विचारलं. मी स्वतःही रोज एक टाकायचो.

गावाला मात्र ती फार मानवली. तात्या तर पारावर बसून जाहिरात करायचे, "लई गुणाची गोळी हाय! सकाळी उपाशीपोटी टाकायची, मग दिसभर ठेचा हाणा!"

अशात मला मीनल सांगून आली. पहिल्या भेटीतच मी पुरता गारद झालो. पण तिचे वडील पुण्यातले पोटाचे मोठे डॉक्टर! मीनलनं आधीच बजावलं, "बाबा दवाखाना बघूनच काय ते ठरवतील. सांभाळून हं."

आता मी गप्प बसावं की नाही? पण मी तात्यांना म्हटलं, रविवारी बाकं जरा भरलेली दिसू द्या. तात्यांनी अर्धी आळी आणून बसवली!

होऊ घातलेले सासरे आले ते थेट बाकावरच बसले.

"काय होतंय आजी?"

"गुडघा दुखतोय. ही गोळी घेती."

"आणि तुम्हाला?"

"खरूज. ही बघा गोळी."

"तुम्हाला?"

"मला काय बी न्हाई," तात्या छाती काढून म्हणाले. "पयल्यापास्नं गोळी घेतोय, म्हनून तर काय बी न्हाई!"

सासरे आत आले. "खरजेला पित्ताची गोळी? कशासाठी?"

"सर, पित्त होऊ नये म्हणून."

"कुणाला? खरजेला?"

धरणीमाता, पोटात घे! पण ते हसले. म्हणाले, "गाव जीव टाकतंय तुमच्यावर, तेवढ्यावर मुलगी देतो. मात्र गरज नसलेल्यांची ही गोळी बंद झाली पाहिजे. आणि ऐका, ती—"

ऐकतोय कोण? होकार मिळाला होता! "आजच बंद, सर!" म्हणत मी चहा सांगायला पळालो.

आणि खरंच, सगळ्या गावाची गोळी एका दिवसात तोडली. तात्या भडकले, "लगीन तुमचं, आन् उपास आमाला?"

पंधरवड्यानं तात्यांच्या अंगणात साखरपुडा. अंगठीचा मुहूर्त उशिराचा, म्हणून पंगत आधी बसली. तात्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, काळ्या मसाल्याची आमटी, वर जिलबी. मठ्ठा फिरेपर्यंत निम्मी पंगत छाती चोळत होती. करपट ढेकरांपुढे सनई ऐकू येईना!

"डॉक्टर, आंगठी ऱ्हाऊ द्या! आदी गोळी द्या! हितं वणवा पेटलाय!" तात्या ओरडले.

सासरे उठून आले. "सगळ्यांची एकदम तोडलीत?"

"तुम्हीच म्हणालात ना, बंद करा..."

"अहो, फार दिवस घेतलेली गोळी एकदम सोडली की आम्ल दुप्पट उसळतं! हळूहळू कमी करतात. तेच सांगत होतो, तर तुम्ही पळालात चहाला!"

पोटाचे मोठे डॉक्टर मुलीच्या साखरपुड्यात बाह्या सरसावून चिठ्ठ्या लिहायला बसले. कसल्या? अहो, त्याच पित्ताच्या गोळीच्या! मीनल माझ्याकडे बघेना. गेलं लग्न, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात सासऱ्यांचं लेखणी धरलेलं बोट माझ्याकडे वळलं.

"तात्या म्हणतात, तुम्हीही रोज घेता ही गोळी. मघाशी तर तुम्ही आमटी ओरपून प्यायलात. मग तुम्हाला कसं काही होत नाही?"

माझा हात आपोआप खिशावर गेला. मीनलनं तो बाजूला केला, आतलं गोळ्यांचं पाकीट काढून बाबांच्या हातात दिलं आणि मगच अंगठीसाठी बोट पुढे केलं.

काय करणार? गावाची बंद केली होती हो, माझी कुठे केली होती!