कच्ची फोडणी आणि दोन सरकारं

गिरणीत पीठ कोणी मुद्दाम साठवत नाही. ते आपोआप उडतं आणि तुळयांवर जाऊन बसतं. कधीतरी झाडायला शिडी लावावी, तर डोक्यावर ढीगभर पडतं. माणसांच्या बैठकीतल्या गोष्टींचंही असंच असतं. मी पुण्यात आयुष्यभर पिठाची गिरणी चालवली, म्हणून मला हेच आठवलं.

आमची बैठक ऑकलंडमध्ये, माउंट वेलिंग्टनच्या मोठ्या शॉपिंग सेंटरमध्ये भरते. दुपारी, फूड कोर्टच्या कोपऱ्यातल्या टेबलाला. आम्ही तिघं. मी, म्हणजे आप्पा. मुलाकडे राहतो. दुसरे जोशीसाहेब, डोंबिवलीचे, बँकेतून रिटायर झालेले. जगातली प्रत्येक बातमी त्यांना आधी कळते आणि जास्त कळते. तिसऱ्या मालतीताई. मूळच्या कराडच्या, सत्तरी ओलांडलेल्या, नर्स असलेल्या लेकीकडे राहतात.

जोशीसाहेब बोलतात, मालतीताई तोडतात आणि मी ऐकतो. गिरणीच्या आवाजात बोलून उपयोग नसायचा, त्यामुळे मला सवयच राहिली नाही. एक वाक्य बोलायला मला इतका वेळ लागतो की तोवर जोशीसाहेबांचा चहा संपतो.

* * *

मालतीताईंची लेक ड्यूटीला, नात रिया शाळेत. दिवसभर घर खायला उठायचं. म्हणून रियानं आजीच्या फोनवर ते ॲप टाकून दिलं. तेच ते चिनी ॲप, ज्यात लोक नाचतात, पडतात आणि मांजरांना टोप्या घालतात.

मालतीताईंनी पहिला व्हिडिओ केला तो वाल सोलण्याचा. फक्त दोन हात आणि भिजलेले वाल. बाकी काही नाही. फोन मी धरला होता, म्हणून चित्र जरा हलत होतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही टेबलाशी बसलो होतो. सेंटरचा सिक्युरिटी गार्ड आमच्याकडे चालत आला. दाराएवढा माणूस! जोशीसाहेब हळूच म्हणाले, "आप्पा, घरचे डबे आत ठेवा. इथे चालत नसेल."

गार्ड मालतीताईंसमोर वाकला आणि इथल्या माओरी भाषेत नमस्कार करून म्हणाला, "किया ओरा, आंटी! यू आर द बीन लेडी!"

आम्ही थक्क. त्यानं स्वतःचा फोन काढून त्यांचेच हात त्यांना दाखवले. रात्री झोप येत नाही तेव्हा तो हे बघत पडतो म्हणे.

मालतीताई म्हणाल्या, "त्याला सांगा, वाल बघून झोप येत नाही. खाऊन येते."

* * *

आता मालतीताईंच्या अबोल्याचं सांगतो, कारण बाकी सगळं त्याच्यावर बसलेलं आहे.

मालतीताईंची धाकटी बहीण कुसुम कराडलाच असते. कुसुमताईंच्या मुलाच्या लग्नात केटरर होता, पण आमटी मात्र त्यांनी हौसेनं स्वतः केली होती. पंगतीत मालतीताईंनी एक भुरका घेतला आणि व्याह्यांच्या देखत म्हणाल्या, "फोडणी कच्ची आहे."

झालं! त्या दिवसापासून कैक वर्षं दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत. फोन नाही, दिवाळीला नाही, मेव्हणे गेले तेव्हाही निरोप भाच्याकरवी.

आणि एक दिवस मालतीताईंनी मला फोन दाखवला. पडदा मधोमध दुभागलेला. उजवीकडे आमच्या मालतीताई भरली वांगी करताहेत. डावीकडे दुसरी एक बाई तीच वांगी करते आहे. तसंच कपाळ, तसंच नाक. बोलत नाही, पण मालतीताईंनी गूळ टाकला की ती मान हलवते आणि चिंच दाखवते.

त्या ॲपमध्ये तशी सोय आहे. दुसऱ्याच्या व्हिडिओच्या शेजारी आपला व्हिडिओ जोडता येतो.

"ही... कुसुमताई?" मी विचारलं.

"हो."

"मग अबोला सुटला?"

मालतीताई ताठ बसल्या. "मुळीच नाही! बोलायचं नाही असं ठरलंय. शेजारी उभं राहून वांगी करायची नाहीत, असं कुठे ठरलंय?"

रोज एक पदार्थ. एकीनं करायचा, दुसरीनं शेजारी उभं राहून चुका काढायच्या. एकमेकींशी मात्र एक शब्द नाही! मी पुष्कळ भांडणं पाहिली आहेत, पण असं भांडण पाहून मला गहिवरून आलं.

* * *

मग भारत सरकारनं ते ॲप बंद केलं.

बातमी अर्थातच जोशीसाहेबांनी आणली. "बॅन! एका झटक्यात! सीमेवर तणाव आहे, आपला सगळा डेटा चीनला जात होता."

मालतीताईंच्या हातातला कप तसाच राहिला. "म्हणजे कुसुमला दिसणार नाही?"

"कोणालाच नाही. राष्ट्राच्या सुरक्षेचा प्रश्न आहे."

"कराडच्या स्वयंपाकघरात?"

"मालतीताई, तुम्हाला कळत नाही. शत्रूला आपली एकेक गोष्ट कळत होती."

"कुसुमकडून काय कळणार शत्रूला? कळलंच तर त्यांच्याही फोडण्या कच्च्या होतील!"

जोशीसाहेब हसले. मालतीताई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू घरातलं कोणीतरी न सांगता निघून गेलंय. दिल्लीत कोणीतरी सही केली आणि इथे माउंट वेलिंग्टनला एक म्हातारी बाई गप्प झाली. सरकारचा हात इतका लांब असतो, हे मला माहीत नव्हतं.

मी हळूच म्हणालो, "फोन करा की."

"मी का करू? तिनं करावा."

"थोरली कोण?"

"मी. म्हणून तर तिनं करावा!"

कुसुमताईंचे जुने व्हिडिओ इथे मात्र अजून दिसत होते. कराडच्या बाईला कराडमध्ये दिसत नाहीत, ते आम्हाला समुद्रापलीकडे दिसतात! मालतीताई दुपारी एक तरी लावायच्याच. त्यांनी नवे व्हिडिओ करणंही सोडलं नाही. फक्त मी फोन धरला की म्हणायच्या, "आप्पा, डावीकडे जागा सोडा."

मी सोडायचो. त्या तिकडे बघत भाजी ढवळायच्या. तिकडे नुसती भिंत असायची.

* * *

काही वर्षांनी इथल्या पार्लमेंटनंही आपल्या लोकांच्या फोनवरून ते ॲप काढायला लावलं. तेव्हा जोशीसाहेबांनी स्वतःच्या फोनवरूनही काढून टाकलं!

"तुम्ही कुठे पार्लमेंटात आहात?" मालतीताईंनी विचारलं.

"इथलं सरकार मला पेन्शन देतं. म्हणजे मी सरकारचाच माणूस झालो."

त्यानंतर हे सरकारचे माणूस रोज मालतीताईंच्या खांद्यावरून वाकून त्यांच्या फोनमध्ये बघत बसायचे.

* * *

त्याच सुमाराचं. माझा मुलगा संदीप एका सरकारी खात्यात आयटीमध्ये आहे. मालतीताई आमच्याकडे आल्या होत्या, मुगाची उसळ करायची होती आणि त्यांच्या फोनचं चार्जिंग संपलेलं. ओट्यावर एक काळा फोन होता. कुलूप असलं तरी कॅमेरा उघडतो, हे मला रियानं शिकवलं होतं. मी धरला आणि काढला व्हिडिओ. डावीकडे जागा सोडून.

दुसऱ्या दिवशी संदीप घरी आला तो पांढराफटक पडून.

"आप्पा, माझ्या ऑफिसच्या फोनला हात लावलात?"

"हात नाही लावला रे. फक्त धरला."

झालं होतं असं, की ऑफिसात मोठी मीटिंग होती. विषय होता, ते ॲप सरकारी फोनवर का नको. संदीपनं काहीतरी दाखवायला आपला फोन भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला. बोट चुकलं आणि पडद्यावर मालतीताई! भिंतीएवढ्या! "घाई करायची नाही. आधी मोहरी तडतडू दे!"

"अरे देवा. मग साहेब काय म्हणाले?"

संदीप खुर्चीत बसला. "म्हणाले, 'स्वीट ॲज,' म्हणजे मस्तच, 'व्हॉट्स शी मेकिंग?' आणि आप्पा... त्यांनी विचारलं की आजी बाजूला कोणाकडे बघतायत."

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, बहिणीकडे. सगळी मीटिंग त्या रिकाम्या बाजूकडे बघत बसली."

* * *

आता हल्ली इथे चर्चा आहे की सोळा वर्षांखालच्या पोरांना असल्या सगळ्या ॲपवर बंदी घालायची. पोरांच्या डोक्याला ताप होतो, हे मलाही पटतं.

पण एका दुपारी मालतीताई धावत आल्या. त्या कधी धावत नाहीत! "आप्पा, बंद पडलं. उघडत नाही. कुसुम आत आहे!"

जोशीसाहेबांनी फोन घेतला, चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "मालतीताई, तुमचं वय कमी आहे. ते तुम्हाला लहान मुलगी समजतायत."

रियानं ॲप टाकताना आजीच्या जन्मतारखेऐवजी स्वतःचीच तारीख टाकली होती. बंदीच्या चर्चेमुळे ॲपवाले सगळ्यांची वयं तपासत गेले आणि बारा-तेरा वर्षांची मुलगी म्हणून मालतीताईंना कुलूप घातलं!

"आता?" मालतीताई म्हणाल्या. "तिचे व्हिडिओ दुसरीकडे कुठेच नाहीत हो."

"कॅमेऱ्यात चेहरा दाखवा म्हणतंय. वय ते ओळखेल." जोशीसाहेब गंभीरपणे म्हणाले, "खात्री हवी असेल तर दात काढून दाखवा."

एरवी मालतीताईंनी त्यांना फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी त्यांनी मान खाली घातली, रुमाल तोंडाशी नेला आणि खरोखरच कवळी काढली! भर फूड कोर्टात! आयुष्यभर नीटनेटकी राहिलेली बाई. जोशीसाहेबांचं हसू तोंडातच विरलं. मी मान वळवून फोन धरला.

कुलूप उघडलं. डावीकडे कुसुमताई वांगी करत होत्या.

जोशीसाहेब उठून पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "एसी फार लावतात इथे," म्हणाले.

* * *

आणि परवा. दुपारचे चार वाजले असतील, म्हणजे कराडला सकाळ. आमच्या टेबलावर मालतीताईंचा फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, 'कुसुम'.

तिघंही फोनकडे साप पाहिल्यासारखे बघत राहिलो.

"उचला!" जोशीसाहेब ओरडले.

मालतीताईंनी फोन माझ्या हातात कोंबला. "तुम्ही बोला. माझा अबोला आहे."

मी स्पीकर लावला. "हॅलो... मी... आप्पा."

"तुम्हीच का ते फोन धरणारे? हात लई हलतो तुमचा." मागून भांड्यांचा आवाज येत होता. "तिला सांगा, भाच्यानं... आपलं, माझ्या बाळूनं बातम्यांत ऐकलं. तुमच्याकडं पण ते बंद करणार म्हणे?"

मी मालतीताईंकडे वळलो. "कुसुमताई... म्हणतायत... की..."

"ऐकलं. सांगा तिला, फक्त पोरांसाठी चाललंय. आमचं चालू आहे."

"कुसुमताई..."

"ऐकलं मी पण. तिला विचारा, मी दिसते का अजून त्यात?"

मालतीताईंनी पदर सारखा केला. "सांगा, दिसते. कधीमधी बघते."

"रोज बघतात!" जोशीसाहेबांना राहवलं नाही. "रोज!"

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग मिसळणाचा डबा उघडला, कढईवर पळी आपटली. बाईमाणूस अशा वेळी हाताला काम शोधतं.

मालतीताई फोनवर वाकल्या. कान टवकारून ऐकू लागल्या. त्यांच्या कपाळावर आठी आली. "मोहरी टाकली हिनं. तेल तापलेलं नाही. आप्पा, सांगा तिला!"

मी घसा खाकरला. "कुसुमताई... मालतीताई... असं... म्हणतायत..."

"लवकर, आप्पा! आता हळद घालेल ती!"

"...असं म्हणतायत... की... तेल..."

"अगं कुसुम, फोडणी कच्ची आहे!"

मालतीताईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले. जोशीसाहेबांचा सामोसा अर्ध्या वाटेत थांबला. शेजारच्या टेबलावरची माणसंसुद्धा वळून बघायला लागली. मला वाटलं, गेलं. आता मरेपर्यंत गेलं.

तिकडे खट्कन आवाज झाला.

"बंद केला गॅस," कुसुमताई म्हणाल्या. "आता तू आल्यावरच देईन."