वहाब मिस्त्रीचे पाच दिवस

मलकापुरात वहाब मिस्त्रीच्या गॅरेजला लागून माझं सीट कव्हर शिवायचं दुकान आहे. वहाबभाई कार्ब्युरेटरचा माणूस. इंजिन चालू करायला लावायचं, डोळे मिटायचे, स्क्रू पाव आटा फिरवायचा आणि म्हणायचं, "घेऊन जा." कान सोन्याचा, यात वादच नाही. पण स्वभाव? स्वतःची चूक कबूल करायची वेळ आली की या माणसाला हटकून चहाची तल्लफ येते.

त्याची मुलगी अंजुम. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून आली आणि म्हणाली, मी आपल्या गॅरेजातच काम करणार. पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं आलेलं, ते हिला नको होतं. बापाचं म्हणणं, पुण्याला जा, इथे पोरीच्या हातात गाडी कोण देणार? बापलेक घरात उर्दूत बोलतात, पण भांडतात वऱ्हाडीत, म्हणजे सगळ्या गल्लीची सोय होते.

अशात पिंपळगाव राजाचे महादेवराव आपली शहाऐंशी सालची पद्मिनी घेऊन आले. उन्हाळा लागला की त्यांची गाडी नांदुऱ्याच्या अलीकडे थांबायचीच. पेट्रोलची तापून वाफ व्हायची, मग महादेवराव इंजिनाजवळच्या पंपावर ओलं फडकं टाकून बाभळीखाली बसायचे. या खेपेला ते फडकं म्हणजे त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाईंची चांगली साडी निघाली. पुढे घरात काय झालं ते त्यांनी आम्हाला अर्धंच सांगितलं.

"काका, कार्ब्युरेटर काढूनच टाकू," अंजुम म्हणाली. "इंजेक्शन बसवते. पेट्रोल किती द्याचं ते कॉम्प्युटर ठरवीन."

"कॉम्प्युटरले ऐकू येते काय?" वहाबभाई तडकला.

वाद तासभर चालला. मी मध्ये पडलो आणि दोघांच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी बापाने अट घातली. "गाडी आठ दिवस रोज सकाळी पहिल्या चावीत लागली पायजे. लागली तं गॅरेजात तुही खुर्ची. नाई लागली तं पुणं."

तीन आठवडे काम चाललं. अपघातात गेलेल्या एका गाडीचे इंजेक्टर, पंप आणि कॉम्प्युटर अंजुमने मिळवले. पंप टाकीत बसवला, सायलेन्सरच्या पाइपात सेन्सर बसवला, मांडीवर लॅपटॉप घेऊन इंजिनाला वळण लावलं. वहाबभाईने निघालेला कार्ब्युरेटर स्वच्छ रुमालात गुंडाळला. मी हसलो, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पहिल्या दिवशी सकाळी महादेवरावांचा फोन आला. "वहाब, घुरघुरते अन् बंद पडते. तिसऱ्या चावीत लागली."

दुपारी ते गाडी घेऊन आले तेव्हा ती झकास चालत होती. दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरावा, तसं झालं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. अट पहिल्याच दिवशी मोडली होती, तरी अंजुमने हट्टाने लॅपटॉप जोडून पाहिलं. चालता चालता कॉम्प्युटर जे शिकतो, ते रोज सकाळी पुसलेलं असायचं. भंगारातला कॉम्प्युटरच बाद असावा, असं तिला वाटू लागलं. पाचव्या दिवशी तिने पुण्याला 'येते' म्हणून पत्र टाइप केलं. पाठवायचं बटण तेवढं दाबलं नव्हतं. पोरीचा उतरलेला चेहरा पाहून मला वहाबचा राग आला, आणि मी तसं त्याला तोंडावर सांगितलं.

सहाव्या दिवशी सकाळी तो माझ्या दुकानात येऊन बसला आणि महादेवरावांना फोन लावला. "भाऊ, फोन चालूच ठेवा, गाडीपाशी. रोज करता तसंच करा. मी ऐकतो."

आम्ही दोघं ऐकू लागलो. चपलांचा आवाज, मग बॉनेटची करकर, मग लोखंडावर पाना वाजला.

"थांबा!" वहाब ओरडला. "चावी माराच्या आधी बॉनेट काऊन उघडलं?"

"बॅटरीची वायर लावाले. रोज संध्याकाळी काढून ठेवतो ना."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? तूच तं सांगतलं होतं! गाडी नवी होती तवा. बॅटरी उतरते, रातच्याले वायर काढत जा म्हणे. तवापासून एक दिवस चुकवला नाई."

वहाबभाईने फोन ठेवला. त्या काळी ते बरोबरही असेल, पण आता रोज संध्याकाळी महादेवराव इमानेइतबारे कॉम्प्युटरची वीज तोडत होते आणि बिचारा दिवसभर शिकलेलं विसरत होता. हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. वहाबभाई गप्प बसला असता तर पोरगी पुण्याला गेली असती, बापाचा शब्द खरा ठरला असता. मी त्याच्याकडे पाहत होतो. त्याने समोरच्या टपरीवर चहा सांगितला. म्हटलं, गेली पोरगी.

चहा आला. त्याने ग्लासला हात लावला नाही. उठून गॅरेजात गेला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अंजुम, ते पाच दिवस माहे होते. तुहे नाई. माहं चुकलं."

सगळं ऐकून अंजुम इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने महादेवरावांना फोन करून वायर काढायला बंदी घातली. त्यांना ते जड गेलं. अन्नपूर्णाबाईंनी पाना पिठाच्या डब्यात लपवला, तेव्हा कुठे जमलं. मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली आणि आठही सकाळी गाडी पहिल्या चावीत लागली. पुण्याचं पत्र अंजुमने माझ्यासमोर पुसून टाकलं.

नवव्या दिवशी एक जण मोटरसायकल ढकलत आला. नवी, इंजेक्शनवाली. असल्या गाड्या वहाबभाई कैक वर्षं दारातूनच परत पाठवायचा. तो माणूस सरळ त्याच्याकडेच गेला. "मिस्त्री, पहाता काय जरा?"

वहाबभाईने डोकंही वर केलं नाही.

"त्या काय बसल्या मिस्त्री," तो म्हणाला. "पण लाइनीत ऱ्हाय. त्यायच्या हातात दुसरं काम हाये."