सोपाननं खाल्लेली सुपारी

सोपानच्या खिशात आरसा कधीच नसायचा. रस्त्यात उभी असेल त्या गाडीचा आरसा त्याचा. नारायणगावात माझ्या मोबाईलच्या दुकानाबाहेर मी मोटारसायकल लावली होती आणि तिचा आरसा पिरगाळून हा पठ्ठ्या बोटानं भुवया नीट करत होता, ही आमची पहिली भेट. मी ओरडलो, "ओ पावणं, आरसा तुटंल की!" माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "तुटला तर तुमचाच तोटा. एवढं चांगलं थोबाड परत कवा दिसायचं त्यात?" अशा माणसावर किती वेळ रागावणार? दुकान सांभाळून मी हळदी-यात्रांत कीबोर्ड वाजवायचो, तो पुढची सात वर्षं त्याच्यामागे वाजवला. तो मला मास्तर म्हणायचा. आधीच सांगून ठेवतो, सोपान ठणठणीत जिवंत आहे. एखाद्यावर लिहायला तो मेलाच पाहिजे असं काही नाही.

बेल्ह्याजवळच्या एका वाडीतला हा मेंढपाळाचा मुलगा. गळा असा, की माळावर हाळी दिली तर दुसऱ्याच्याही मेंढ्या माघारी वळायच्या. हळदीत, यात्रेत गाता गाता त्याचे व्हिडिओ मोबाईलवर फिरायला लागले आणि मुंबईच्या एका कंपनीनं त्याला उचललं. पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'सॅम' झालं. मग गॉगल आला, लाल मोटार आली आणि दर गाण्यात एक हिरोईन आली. एसटीतली ओली दांडी धरावी तसा सोपान तिच्या खांद्यावर हात ठेवायचा. तरी गाणी तुफान चालली. जुन्नर-आंबेगावात सॅमच्या गाण्याशिवाय एकही हळद लागेना.

त्याचं स्वतःचं असं गाणं एकच होतं. मढच्या रस्त्याला पॅसेंजर भरून नेणारी वडाप जीप चालवणारा एक उंच, सावळा गडी होता. सोपान आठवड्यातून दोनदा मढला जायचा. मढला त्याचं काडीचं काम नव्हतं. जायचा, चहा प्यायचा आणि त्याच जीपनं परत यायचा. एकदा मी विचारलंच. तर म्हणाला, "मास्तर, मला बाप्ये आवडतात. बाया मला बहिणीवानी. आता तुमी घाबरू नका, तुमी काय माझ्या पसंतीत बसत न्हाई." मला आधी हायसं वाटलं आणि मग, खरं सांगतो, थोडा अपमानही वाटला.

'जीपवाल्या, पुढच्या शिटावर जागा ठेव रं, मढ येऊ दे न येऊ दे, गाडी सावकाश ने रं,' असं ते गाणं. यात हिरोईनला काम कुठंय, म्हणून कंपनीनं ते घेतलं नाही. सोपान ते नुसतं स्टेजवर म्हणायचा आणि लोक बेभान नाचायचे. गड्यानं बाईच्या वतीनं गाणं आमच्याकडे कुणाला नवं नाही. जीपवालाही नाचायचा. असेल कुणी पॅसेंजर बाई, असं त्या बिचाऱ्याला वाटायचं.

गेल्या साली वाडीच्या यात्रेत सोपानचा कार्यक्रम ठरला. आमच्याकडे कार्यक्रम ठरला की यात्रा कमिटी देवापुढची सुपारी कलाकाराच्या हातात देते. सुपारी दिली म्हणजे देवासमक्ष शब्द दिला. बेत फिसकटलाच तर तीच सुपारी परत देवापुढे ठेवायची, मग दोघेही मोकळे. सोपाननं सुपारी घेतली, खिशात टाकली आणि चारच दिवसांनी माईक घेऊन आलेल्या एका यूट्यूबवाल्यानं त्याला विचारलं, "सॅमभाऊ, जीपवाल्यावर मरणारी ही बाई कोण?"

"बाई कुठली राव? त्यो मीच की. फुडं विचारा."

झालं! गाणं तेच, त्यावर नाचलेले पायही तेच. पण आता सगळ्यांना किळस यायला लागली. कंपनीचा फोन आला: ती नुसती भूमिका होती असा व्हिडिओ टाक, नाहीतर 'सॅम' हे नाव आणि सगळी गाणी आमच्याकडे राहतील. मी घाबरट माणूस. म्हटलं, "टाक बाबा, काय जातंय?" तो म्हणाला, "गळा माझा हाये मास्तर, भाड्यानं दिलेला न्हाई." मला माझीच लाज वाटली. नाव गेलं, गाणीही गेली.

मग कमिटी आली. अध्यक्ष म्हणाले, "सोपान, सुपारी दे माघारी." सोपाननं खिशातून सुपारी काढली, सगळ्यांना दाखवली, तोंडात टाकली आणि उजव्या दाढेखाली कडाकड फोडली. "खाल्ली. आता काय, प्वाट फाडता का?" देवापुढे परत ठेवायला सुपारीच उरली नाही, म्हणजे शब्द कायम. सुपारी खाल्ली तर काय करायचं, हे कुणाच्या बापजाद्यानं सांगितलं नव्हतं. शेवटी अध्यक्षांनी त्याला भर उन्हातली दुपारी तीनची वेळ दिली आणि बजावलं, "ते गानं सोडून काय बी म्हन."

"बाकीची समदी कंपनीची झाली. माझं तेवढंच उरलंय."

कमिटी गेल्यावर मात्र तो गाल धरून खाली बसला. दाढेचा तुकडा उडाला होता, पण दुखणं ते नव्हतं. यूट्यूबवर तो बोलल्यापासून त्याचे वडील, आबा, मेंढ्या घेऊन माळावर गेले होते आणि त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हते. "हाळी द्यायला आबांनीच शिकिवलं मला," सोपान म्हणाला. "त्येंच्या म्होरं एकदा माझं म्हनून गायचंय. मग वाडीनं हाकललं तरी चालंल."

यात्रेला तीन वाजता अख्खी वाडी हजर! बघायला, ऐकायला नव्हे. कडेला आबा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. सोपान माईकवर म्हणाला, "हे गानं बाईचं न्हाई, माझं हाये." माझा पहिलाच सूर चुकला. त्यानं गाणं म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदाही तेच, कारण दुसरं होतंच कुठे? चौथ्यांदा मागच्या बायांनी ताल धरला. पाचव्यांदा जीपवाला उठला, क्षणभर घुटमळला आणि खाली मान घालून नाचायला लागला. मग पोरंही उठली.

कार्यक्रम आवडला की पुढच्या सालाची सुपारी तिथंच स्टेजवर देतात. अध्यक्ष मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसले होते. तेवढ्यात आबा काठी टेकत वर चढले आणि त्यांनी कनवटीची सुपारी काढली.

"आबा, तुमी कमिटीत न्हाई!" अध्यक्ष ओरडले.

"मग काढा मला कमिटीतनं," आबा म्हणाले आणि सुपारी सोपानच्या हातावर ठेवली. "म्होरल्या सालाची हाये. आन् जरा दुसरं बी गानं बसव. पाच येळा त्येच त्येच!"

एवढा तोंडाळ माणूस, पण ढसाढसा रडला. मग अध्यक्षांकडे बघत त्यानं ती सुपारी तोंडात टाकली. या खेपेला डाव्या दाढेखाली.