बरं केलं बाप्पा, बोलावलं

नालवाडीत आमच्या समोरच्या घरात कप्तानसाहेब राहायला आले, तेव्हा पहिल्यांदा माझ्या नजरेत भरली ती त्यांची दुपारची झोप. मे महिन्यात वर्ध्याची माणसं जेवण झालं की दारं-खिडक्या लावून कूलरसमोर आडवी होतात. हा माणूस दार सताड उघडं टाकून, व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत, पायांत चपला घालूनच झोपायचा. कुणीही हाक मारली की दुसऱ्या हाकेची वेळ येत नसे. ताडकन उभे राहत आणि म्हणत, "बरं केलं बाप्पा, बोलावलं." काम काय आहे ते मागाहून विचारत.

मला काही हे पटलं नाही. मी कापसाच्या धंद्यातला. अल्लीपूरच्या रस्त्याला आमचं जिनिंग आहे, कापसातली सरकी काढायचा कारखाना. गाडीतला कापूस वरून कितीही पांढराशुभ्र दिसो, कोपरापर्यंत हात खुपसून आतला ओलावा पाहिल्याशिवाय आम्ही भाव सांगत नाही. माणसांच्या बाबतीतही माझा हात असाच आपोआप आत जातो. झोपमोड झाल्यावर न चिडणारा पुरुष आमच्या खानदानात झालेला नाही, मग हा कुठून आला? एका रणरणत्या दुपारी मी मुद्दाम जाऊन त्यांना उठवलं आणि म्हटलं, "जुने पेपर आहेत का तुमच्याजवळ?"

"बरं केलं बाप्पा, बोलावलं," म्हणत त्यांनी गठ्ठाच आणून दिला, वर माठातलं पाणी पाजलं. मी परतलो तो आणखी संशय घेऊन. इतका गोड माणूस एक तर काहीतरी विकायला आलेला असतो, नाहीतर काहीतरी लपवायला.

त्यांचं नाव सुधाकरराव झाडे. मूळचे अल्लीपूरचेच, शेतकऱ्याच्या घरातले. समुद्र तर सोडाच, धाम नदीला पूर आला तरी आई त्यांना काठाशी जाऊ देत नसे, असं तेच हसत सांगत. शिकून ते नौदलात अधिकारी झाले आणि एका युद्धनौकेचे प्रमुख झाले. जहाजाच्या प्रमुखाला कॅप्टन म्हणतात, म्हणून आमच्याकडे ते कप्तानसाहेब. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. पण निवृत्तीचं वय व्हायच्या कितीतरी आधी ते नोकरी सोडून आले होते. आता असा रुबाब कोणी उगाच सोडतं का?

हा प्रश्न मला एकट्यालाच पडला नव्हता. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर रोज त्याची चर्चा चाले. एसटीतून निवृत्त झालेले बबनराव म्हणायचे, "जहाज ठोकलं म्हणते त्यानं. माणूस मेला म्हणते. कोर्टात केस चालली नौदलाच्या."

"पिऊन असन," पानवाला म्हणायचा.

"नाईतर माल पोचवत असन कोनाले. साधं ठोकल्यानं कोनी हाकलते का? आमच्या डेपोत किती ड्रायव्हरनं गाड्या ठोकल्या, चार दिवसांनी पुन्हा स्टेअरिंगवर!"

मला राहवलं नाही. एका संध्याकाळी मी सरळच विचारलं, "कप्तानसाहेब, जहाज खरंच ठोकलं होतं का तुम्ही?"

"हो," ते म्हणाले. "मासेमारीच्या बोटीले धडकलं. एक माणूस गेला त्यातला."

"तुम्ही चालवत होते?"

"नाई. झोपलो होतो."

झोपलो होतो! मी पुढचं काही विचारलंच नाही. झोपेत माणूस मारून आलेला हा गृहस्थ आता रोज दुपारी चपला घालून झोपेचं नाटक करतो, असा हिशेब मी मनाशी मांडून टाकला.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, मात्र त्यांची भुरळ पडली. दादाचं मत असं, की ज्यानं शेकडो माणसांचं जहाज सांभाळलं तो आपल्या जिनिंगमधली माणसं डोळे मिटून सांभाळेल. "डोळे मिटूनच सांभाळत होते," मी म्हटलं. दादा हसला नाही. पुढच्या हंगामाला कप्तानसाहेब आमचे मॅनेजर झाले आणि मी त्यांच्यावर नजर ठेवू लागलो.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी यंत्रांच्या शेडमध्ये एक घंटा टांगली. कापसात खडा आला की यंत्रात ठिणगी उडते, आणि ती रुईत, म्हणजे सरकी काढलेल्या कापसात, शिरली तर आतल्या आत धुमसत राहते. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "वास आला, धूर दिसला, नुसता भास झाला तरी घंटी वाजवा. खात्री करत बसू नका. खात्री करणं माह्यं काम आहे."

कचरा वेचणाऱ्या बायांमध्ये शांताबाई होती, तिनं हे फारच मनावर घेतलं. एकदा कुंपणाबाहेर कुणी बिडी पेटवली, हिनं घंटा वाजवली. एकदा उन्हाच्या तिरिपेत धूळ उडाली, हिनं घंटा वाजवली. दर वेळी सगळी यंत्रं बंद, बाहेर गाड्यांची रांग, गाडीवाल्यांच्या शिव्या. कप्तानसाहेब धावत यायचे, वास घ्यायचे, हात घालून पाहायचे आणि म्हणायचे, "बरं केलं बाई, बोलावलं." मला शंका आली, हा माणूस आमचा धंदा बुडवायला कुणी पाठवलाय की काय.

एके दिवशी ते हिंगणघाटला गेले होते. शांताबाईनं पुन्हा घंटा वाजवली, पुन्हा काहीच निघालं नाही. दादा ऑफिसातून बाहेर आला आणि सगळ्यांसमोर तिच्यावर कडाडला. "खेळणं आहे का हे? आता पुन्हा घंटीले हात लावला तर घरी बसजो!" शांताबाई मान खाली घालून कचरा वेचू लागली. संध्याकाळी परत आल्यावर हे कप्तानसाहेबांच्या कानावर गेलं. ते बराच वेळ दादाच्या ऑफिसच्या दाराशी उभे राहिलेले मी पाहिले. मग आत न जाताच निघून गेले. मनात म्हटलं, नोकरीला घाबरला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आग लागली. शांताबाईला जळका वास आला होता. पण घंटेकडे गेलेली ती मागे फिरली, आधी आपल्या डोळ्यांनी पाहावं म्हणून रुईच्या ढिगाकडे गेली. तिनं पाहिलं तेव्हा ज्वाळा दिसत होत्या. रुईचा ढीग गेला, शेडचे पत्रे वाकले आणि जळती रुई बाजूला ओढायला गेलेल्या नामदेव हमालाचे दोन्ही हात भाजले.

पोलीस आले. दादा भेदरला होता, आणि भेदरलेल्या मालकाला गरिबाकडे बोट दाखवायला वेळ लागत नाही. "हिची ड्यूटी होती तिथं," तो म्हणाला. "हिले वास आला अन् हिनं सांगितलं नाई. लिहा." शांताबाई बाजूलाच उभी होती. घरात कमावणारी ती एकटीच. नोकरी तर जाणारच होती, वर केस होणार होती.

कप्तानसाहेब पुढे झाले. "इथला मॅनेजर मी आहे. माह्या हाताखाली झालं, म्हणजे माह्याकडूनच झालं. माह्यं नाव लिहा."

"तुम्ही होते का तिथं?" हवालदारानं विचारलं.

"नाई. त्यानं काही फरक पडत नाई."

दादानं सुटकेचा श्वास सोडला. मी मात्र ताठ झालो. न केलेला गुन्हा असा आपणहून अंगावर घेणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. यात नक्की कुठेतरी पाणी मुरतंय! दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या व्हरांड्यात जाऊन ठाण मांडलं. "खरं काय ते सांगा. आमच्या दादानं शांताबाईले दम देला होता, हे तुम्हाले ठाऊक होतं. पोलिसांजवळ ते काऊन नाही बोलले? काय लपवून राह्यले तुम्ही?"

"लपवलं खरं," ते म्हणाले. माझा जीव एकदम भांड्यात पडला. अखेर सापडला!

"माह्या जहाजावर एक तरुण लेफ्टनंट होता, भाऊ. पहाऱ्यावर असला की सारखा मले उठवायचा. दूर दिवा दिसला, उठवा. होडी दिसली, उठवा. एकदा मी सगळ्यांसमोर बोललो त्याले, का रे, दर होडीपायी कॅप्टनची झोप मोडतोस? सगळे हसले. पुढं एका सकाळी धुकं दाटलं. रात्रभर जागून मी नुकताच पडलो होतो. धुकं आलं की कॅप्टनले बोलवायचं, हा हुकूमच असते. तो फोनजवळ गेला, अन् परत फिरला. मग ती बोट समोर आली."

ते पुढे म्हणाले, "चौकशीत तो पोरगा म्हणे, मी बोलावलं नाई, चूक माही. कागदावर तेच खरं होतं. पण त्याचं तोंड बंद कोणं केलं होतं? जहाज कॅप्टनचं असते. तो झोपलेला असो की जागा. पुन्हा जहाज भेटलं नाई मले, अन् भेटू नये हेच बरोबर होतं."

"मग आमच्या दादाले हे का नाही सांगितलं?"

"त्या दिवशी त्यांच्या दारापर्यंत गेलतो, सांगायले. लाज वाटली. तेवढ्या लाजेपायी नामदेवचे हात भाजले. म्हणून नाव लिवलं माह्यं. उपकार नाई केले कोणावर."

मी कोपरापर्यंत हात घातला होता आणि आत खरोखर एक गोष्ट दडवलेली सापडली होती. ती अशी असेल असं मात्र वाटलं नव्हतं. मला त्या माणसाची फार माया आली, पण सवय वाईट; तेव्हाही तोंडातून चांगला शब्द फुटला नाही.

कप्तानसाहेबांनी राजीनामा दिला. पोलिसांत त्यांचे हेलपाटे झाले आणि अखेर अपघात म्हणून प्रकरण मिटलं. शांताबाईची नोकरी राहिली. पानठेल्यावर बबनरावांनी निकाल दिला, "आधी जहाज ठोकलं, आता जिनिंग जाळलं." मी त्यांच्याशी भांडलो तेव्हा तेच माझ्याकडे संशयानं पाहू लागले.

दादाला मी सगळं सांगितलं. तो ऐकून उठून गेला. पुढच्या उन्हाळ्यात शेड नवी झाली, तेव्हा त्यानं स्वतः पितळेची मोठी घंटा आणून टांगली. शांताबाईला बोलावून सर्वांसमोर म्हणाला, "खोटी वाजली तरी चालते. वाजवजो." आणि मला म्हणाला, "जाय, कप्तानसाहेबांना घेऊन ये. म्हण, मालक बोलावून राह्यले."

भर दुपारी मी रस्ता ओलांडला. दार सताड उघडं होतं. ते खुर्चीत होते, पायांत चपला होत्या. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मला वाटलं, मुद्दाम बोलत नाहीत, आमच्यावर राग धरून बसलेत. कुणाच्याही हाकेवर जो माणूस कधी रागावला नाही, त्याच्यावर मी घेतलेला हा शेवटचा संशय. तिसरी हाक मारायला मी जवळ गेलो आणि खांद्याला हात लावला, तर मान एका बाजूला कलली; श्वास केव्हाच थांबला होता.