चांदणीवालं सर्टिफिकेट

माझ्या बायकोच्या थोरल्या मावसबहिणीइतकी संशयी बाई बोईसरपासून दातिवऱ्यापर्यंत दुसरी सापडायची नाही, आणि इतका संशय घेऊनही इतकी शांत राहणारी तर नाहीच नाही. त्या मूळच्या किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या. वडील होडीवर जाणारे. या मात्र शिकल्या, तारापूरच्या वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागात लागल्या आणि तिथेच राहिल्या. मी त्याच कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. मी त्यांना ताई म्हणतो, त्या मला भावोजी.

कुठलीही वस्तू हातात आली की ताई आधी तिच्यावरची मुदत वाचतात. आमच्या मुलीच्या साखरपुड्याला सगळे जेवायला बसत असताना त्या हॉलच्या भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं वाचत उभ्या होत्या. त्याची मुदत उलटून गेली होती. दुसरं येईपर्यंत त्यांनी स्वयंपाकघरातली शेगडी पेटवू दिली नाही, आणि व्याह्यांनी गार भजी खाल्ली. घरी ताई आणि त्यांचे यजमान एकाच दिवशी उपास धरत नाहीत. "दोगं एकदम आडवं झालं तर चा कोन करनार?" असा त्यांचा प्रश्न असतो.

हाच उपासाचा नियम त्यांनी कारखान्याला लावला होता. कारखान्यात कोणता माणूस कोण, त्याला कुठे प्रवेश, याची यादी दोन सर्व्हरवर असते. दोन्हींवर तीच यादी, आणि पुढे एक यंत्र बसवलेलं, जे येणारी विचारणा कधी या सर्व्हरकडे, कधी त्या सर्व्हरकडे पाठवतं. गेटवर बोट ठेवलं की गेटचं मशीन या यादीला विचारतं. पण विचारण्याआधी समोरचा सर्व्हर खरा आहे ना, हे ते त्याच्या सर्टिफिकेटवरून, म्हणजे ओळखीच्या डिजिटल दाखल्यावरून, तपासतं. आमच्याकडे सगळ्या सर्व्हरना मिळून एकच सर्टिफिकेट होतं, ज्यात सर्व्हरच्या नावाच्या जागी चांदणीसारखी खूण असते. लोक त्याला वाइल्डकार्ड म्हणत. ताई चांदणीवालं म्हणत.

त्याची मुदत संपायला दोन दिवस होते तेव्हा नवीन आलं. त्याच सुमारास आलेले नवे साहेब दुपारी एकला ताईंच्या टेबलापाशी उभे राहिले. दुपारची पाळी तीनला लागते.

"दोन्ही सर्व्हरवर एकदम टाका," ते म्हणाले. "दहा मिनिटांचं काम आहे. मला मुंबईच्या ऑफिसला कळवायचंय."

"एका सर्व्हरला आदी रांगेतून बाहेर काढते, साहेब, तवर सगळं दुसऱ्याकडं जाईल. त्याच्यावर बसवते, बगते. मग दुसरा."

"फाइल तीच आहे ना? मग बघायचं काय?"

ताईंनी आवाज चढवला नाही. "पाळीला बाया वरच्या पाड्यांवरनं दोन गाड्या बदलून येतात. मशीननं नाय ओळखलं तर खाडा त्यांचा पडतो. तुमचा-माजा नाय पडत."

साहेब घड्याळ बघत निघून गेले. ताईंनी एक सर्व्हर रांगेतून काढला, सर्टिफिकेट बसवलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि माझ्या स्टोअरमध्ये आल्या. तिथे गेटचं एक जादा मशीन असतं. ते त्यांनी त्या सर्व्हरला जोडलं.

"ठेवा बोट, भावोजी."

मी ठेवलं. लाल दिवा. पुन्हा ठेवलं, पुन्हा लाल.

"माझं बोट बिघडलं का?"

"बोट बरं हाय. ह्या मशीनला आजोबा म्हाईत हाय. हा नवा सांगतो, मी नातू. पन मदला बाप कुटं हाय? तो फाइलीत दिलाच नाय त्यांनी."

सर्टिफिकेट देणाऱ्या मुख्य संस्थेची सही मशीनला ओळखीची होती, पण तिच्या वतीने आमच्या सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या मधल्या संस्थेचा दाखला, ती मधली कडी, आलेलीच नव्हती. दोन्हींवर एकदम टाकलं असतं तर तीन वाजता गेटवर प्रत्येक बोटाला लाल दिवा लागला असता. ताईंनी ती कडी मागवून जोडली. हिरवा दिवा लागला तोवर पाळी आत आली होती, दुसऱ्या सर्व्हरच्या जिवावर, आणि कोणाला काही कळलं नव्हतं. मग त्यांनी पहिला सर्व्हर रांगेत परत लावला, अर्धा तास नुसता चहा घेत त्याच्यावर नजर ठेवली, आणि दुसरा सर्व्हर हातात घेतला.

संध्याकाळी साहेब येऊन इतकंच म्हणाले, "पुढच्या वेळी तुमच्या पद्धतीनेच करा."

पुढच्या वेळा फार आल्या नाहीत. यंदा ताई निवृत्त झाल्या. शाल-नारळ झाला, साहेबही चांगले बोलले. सगळे समोसे खायला गेल्यावर ताई आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या, मी त्यांच्या शेजारी. नोकरीतून गेलेल्या माणसाचं नाव यादीतून काढणं हे त्यांचंच काम, आणि स्वतःचं त्यांनी दुसऱ्याला काढू दिलं नाही. पडद्यावर नाव आलं, खाली विभाग. ते दोन ओळींचं वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी बटण दाबलं.

"भावोजी, त्या बाजूच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या सर्व्हरची यादी हाय, तिच्यात मला शोदा बरं."

मी नाव टाइप केलं. अशी व्यक्ती नाही, असं आलं. तसं मी सांगितलं.

"मग बरोबर झालं," ताई म्हणाल्या. पण त्या उठल्या नाहीत, आणि मलाही स्टोअर बंद करायला जावंसं वाटेना.