विरोधी बाजूची सात मिनिटं

बाबा तीन महिन्यांसाठी मेलबर्नजवळ क्रेगीबर्नला माझ्याकडे आले आणि करोनामुळे विमानं बंद झाली. आई गेल्यापासून ते पुण्यात एकटेच राहत होते, त्यामुळे मला मनातून बरंच वाटलं. त्यांना मात्र ते सांगितलं नाही. त्यांच्या मते ते इथे अडकले होते, आणि अडकलेल्या माणसाचे सगळे हक्क ते पुरेपूर बजावत होते. पहिला हक्क माझ्या टीव्हीवर.

त्या वर्षी अमेरिकेत अध्यक्षपदाच्या प्रायमरी चालू होत्या. बाबा जन्मभर उजव्या विचारांचे. पुण्यात रोज सकाळी टेकडीवर फिरायला जाणारा त्यांचा निवृत्तांचा ग्रुपही त्याच वळणाचा. टेकडी बंद झाली तेव्हा ग्रुपने बाबांना अमेरिकेचे विश्लेषक नेमून टाकलं. कारण काय, तर निकाल यायला लागतात तेव्हा मेलबर्नला चांगलं उजाडलेलं असतं आणि पुणं अजून दात घासत असतं.

रोज दुपारी अडीचला, म्हणजे पुण्यात सकाळी दहाला, बाबा वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली पायजमा अशा थाटात माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसत आणि फोनमध्ये ग्रुपसाठी व्हॉइस मेसेज बोलायला लागत. फक्त आवाज जाणार हे माहीत असूनही इस्त्री हवीच.

"प्रायमरी म्हणजे काय," पहिल्याच दिवशी त्यांनी ग्रुपला समजावलं, "तर मुलगी बघायला जायच्या आधी आपल्या घरातला कुठला मुलगा पुढे करायचा, ते ठरवणं."

मग एकेक उमेदवार त्याच नजरेने तपासला जाई. शिक्षण काय, घरात कसा वागतो, थोरामोठ्यांना मध्येच तोडतो का. "हा सगळं फुकट देणार म्हणतो. फुकट मिळालं की माणूस हातपाय हलवत नाही, लिहून ठेवा." ऐकणारे नऊजण, पण आवाज भरसभेचा. भिंतीपलीकडे माझी ऑफिसची मीटिंग चालू असे. माझ्या बॉसने एकदा अगदी काळजीने विचारलं की, तुझे बाबा कुठल्या निवडणुकीला उभे आहेत का?

ग्रुपमध्ये डावा माणूस एकच. बाबांचा शाळेपासूनचा मित्र, आमचे काका. बाबांचं बोलणं संपून पाच मिनिटं होत नाहीत तोच काकांचा आवाज येई. सुरुवात ठरलेली, "मूर्खा, ऐक." काकांचा उमेदवार कधीच मागे पडला होता, पण त्याचं काकांना काही नव्हतं. बाबा चिडून लाल होत आणि रात्रीची पोळी एक जास्त खात. या दोघांना उमेदवारांची गरज नव्हती, भांडायला विषय हवा होता, असं माझं मत आहे.

एक दिवस काकांचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "निरुत्तर झाला," बाबा खुशीत म्हणाले.

तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. करोना झाला होता. काका हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनवर होते, बोलता येत नव्हतं, पण फोन कानाशी धरला की ऐकत होते. "ग्रुपवर सांगू नका हं भावजी. लोक दिवसभर फोन करत बसतील." बाबांनी शब्द दिला. त्या दुपारी त्यांनी शर्ट बदलला नाही. मी चहा नेला तेव्हा म्हणाले, "तिथे असतो तर निदान फाटकाबाहेर तरी उभा राहिलो असतो गं." मी माझाही कप आणून शेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी अडीचला मात्र इस्त्रीचा शर्ट हजर. मी मीटिंग म्यूट करून कान दिला आणि थक्क झाले. बाबा काकांच्या उमेदवाराची बाजू मांडत होते! "आजारी माणसाला आधी खाट द्यावी," ते म्हणत होते, "तो कोण, कुठला, ते नंतर विचारावं. यात चूक काय आहे?" पूर्ण सात मिनिटं.

"बाबा, हे काय?" मी विचारलं.

"त्याला आत्ता भांडता येत नाही. मग त्याच्या बाजूने कोण बोलणार?"

पण सवयीचा अंगठा सवयीच्याच जागी गेला. एकट्या काकांना पाठवायचं ते बाबांनी सबंध ग्रुपला पाठवलं होतं. अर्ध्या तासात सगळी टेकडी तुटून पडली. तिकडचं पाणी लागलं म्हणे. लेकीच्या घरी राहून बिघडले म्हणे. हा टोला मला होता.

"बाबा, खरं काय ते सांगून मोकळे व्हा."

"वहिनींना शब्द दिलाय."

त्यांनी संदेश पुसलाही नाही. ग्रुपने दुसरा विश्लेषक नेमला, आणि त्याला मेलबर्न कुठे आहे हेही माहीत नव्हतं. बाबा रोज अडीचला शर्ट घालून बसत आणि नीट नाव तपासून एकट्या काकांना सात मिनिटं पाठवत. मधूनमधून घसा खाकरत, कारण आपल्याला न पटणारं बोलायचं म्हणजे त्यांच्या घशाला त्रासच.

अकरा दिवसांनी, मी भाजी चिरत असताना, बाबांच्या फोनवर ग्रुपमध्ये काकांचा आवाज आला. खोल गेलेला, दर चार शब्दांनी धापा टाकणारा.

"त्याला शिव्या देणं बंद करा. मी हॉस्पिटलात होतो. आज घरी आलो. ती सात मिनिटं तो माझ्यासाठी बोलला." मग लांबलचक श्वास. "आणि मूर्खा, ऐक. इतकी भिकार बाजू मांडलीस, की ती दुरुस्त करायला मला जगावं लागलं."

बाबांनी उत्तर द्यायला फोन तोंडाशी धरला. "मूर्खा," एवढंच म्हणाले. तेवढंच पाठवलं.