हरकत न्हाय, साहेब!

वडील गेले तेव्हा मी वीस वर्षांची होते, त्यांची एकुलती एक लेक आणि तोंडानं फटकळ. उस्मानाबाद जिल्ह्यात वाशीकडच्या आमच्या गावातलं घर अन् विहिरीवरचं पाच एकर रान त्यांनी मृत्युपत्रात आईच्या नावे लिहून ठेवलं होतं. चुलता चावडीवर म्हणाला, "लिहिलं असंल. घर-रान आमच्या बाचं हाय, वाटणी अजून झाली न्हाय. कोर्टात टिकतंय का बघू." तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरेना. घर गेलं तर आम्ही मायलेकींनी जायचं कुठं?

उस्मानाबादेच्या वकिलांनी धीर दिला. "मूळ कागद, मृत्यूचा दाखला अन् वारसांची यादी अर्जाला जोडा. चुलत्यांना नोटीस जाईल, गावात दवंडी होईल. मग मृत्युपत्रावर सही केलेल्या एका साक्षीदारानं शपथेवर सांगायचं, हे माझ्यासमोर लिहिलंय." त्यातली एक सही शेजारच्या कापडवाल्या चाचांची होती. ते आईला म्हणाले, "भाभी, तुम्ही बेफिकर राहा."

कोतवालानं दवंडी दिली, "मृत्युपत्राला कुणाची हरकत असंल, त्यानं सोमवारी कोर्टात हजर व्हावं होऽऽ!" झालं! पारावर खल सुरू. हरकत असणारा जाणार, मग ज्याची न्हाय त्यानं घरी बसून कसं चालंल? साहेबाला कळायचं कसं? अहो, कुणी आलं नाही म्हणजे हरकत नाही, असंच कोर्ट धरतं, हे सांगून माझा घसा कोरडा पडला. ऐकतंय कोण! एक आजोबा माझ्यावरच खेकसले, "चार बुकं शिकलीस म्हणून लई शहाणी झालीस व्हय गं?"

सोमवारी सकाळच्या एसटीत आमचंच गाव. चुलत्याला जागा मिळाली ती नेमकी आईशेजारी. आईनं फडकं सोडलं अन् भाकरी-चटणी आधी त्याच्या हातावर ठेवली. मी फणफणले, "त्याला कशाला?"

"मग काय उपाशी पोटी भांडंल व्हय तो?" आई म्हणाली. त्यानं मान खाली घालून भाकरी खाल्ली.

कोर्टात चाचांनी शपथेवर खणखणीत साक्ष दिली. मग न्यायाधीशांनी चष्म्यावरून दाराखिडक्यांत दाटलेली माणसं पाहिली. "एवढ्या सगळ्यांची हरकत?"

"न्हाय, साहेब!" अख्खं गाव ओरडलं. शिपाई धावला, वकिलांनी कपाळाला हात लावला आणि न्यायाधीश चक्क हसले. मग त्यांनी चुलत्याला उभं केलं. "तुमची?"

त्याचा हात बंडीच्या खिशात गेला. त्यानं खिडकीतल्या माणसांकडं पाहिलं, मग आईकडं. हात रिकामाच बाहेर आला.

"न्हाय, साहेब. माझीबी न्हाय."

स्टँडवर आईनं गावाला पेढे वाटले. काय आनंद झाला होता मला, एसटीत मोठमोठ्यानं गाणी म्हटली! उरलेले पेढे चुलत्यानं खिशातल्या कागदात बांधून आईला दिले, स्वतः एकही न खाता.

घरी मी पुडी सोडली. कागदावर कोर्ट फीचं तिकीट, खाली चुलत्याची सही. हरकतीचा अर्ज! आईला वाचता येत नव्हतं. मी सगळा वाचून दाखवला. ती डोळे पुसत हसायला लागली.

"पेढे त्याला नेऊन दे," ती म्हणाली. "अन् तिथं काही बोलू नकोस."

मी गेले, पेढे चुलत्याच्या हातावर ठेवले आणि जन्मात पहिल्यांदा एक शब्द न बोलता त्याच्या पाया पडले.